मोटेचं कातडं आणि दीड इंची टायर

त्या उन्हाळ्यात मी नंदुरबारच्या सायकलवाल्याला अगदी भंडावून सोडलं होतं. सकाळी जायचो, दुपारी जायचो, संध्याकाळी पुन्हा त्याच्या फळीवर जाऊन बसायचो आणि बसल्या बसल्या पाय हलवत राहायचो. सायकलवाला मुसलमान, पिढ्यान् पिढ्या गावातला, बोलणं आमच्यासारखंच अहिराणी. मला येताना बघून तो हातातला पंप भिंतीला टेकवायचा आणि म्हणायचा, "आज काय ठरनं? पातळ का जाड?"

माझं काही ठरत नव्हतं. जिनात, म्हणजे सरकी काढायच्या कारखान्यात, कापूस तोलायचं माझं काम कापसाच्या हंगामापुरतं. उन्हाळ्यात जिन बंद. हाताला काम नसलं की माझं डोकं कुठल्या तरी एका गोष्टीला धरून बसतं आणि मग सोडत नाही. त्या वर्षी त्याने चाकं धरली होती. पण चाकं हे निमित्त होतं. खरी गोष्ट अशी होती की माझी बायको तापीच्या पलीकडे माहेरी अडकून पडली होती आणि मला तिला घेऊन यायचं होतं.

अडकून पडली ती अशी. आखाजीला, म्हणजे अक्षय्य तृतीयेला, आमच्या खान्देशात लेकी माहेरी जातात. निंबाला झोके बांधतात, गाणी म्हणतात, मनासारखं खातात. सण झाला की सासरचा कोणी वडीलधारा माणूस मुऱ्हाळी म्हणून जातो आणि सुनेला मानाने घेऊन येतो. नवऱ्याने स्वतः जायचं नसतं. गेला तर गाव हसतं, की याला चार दिवस दम निघाला नाही. आमच्या घरात वडीलधारे म्हणजे एकटे माझे वडील. आम्ही त्यांना आबा म्हणायचो. त्यांचे गुडघे दुखत होते म्हणून त्यांनी आमच्या सालदाराला, वर्षाच्या बोलीवर ठेवलेल्या गड्याला, गाडी देऊन पाठवलं. सासऱ्यांनी सालदाराला पोटभर जेवू घातलं, बैलांना चारा टाकला आणि गाडी रिकामी परत पाठवली. निरोप एवढाच: घरचा माणूस पाठवा.

आबा तडकले. "त्यास्नी मन्हा माणूस परत धाडी दिन्हा," ते ओट्यावर बसून येणाऱ्या-जाणाऱ्याला सांगायचे. "आते ठेवा म्हणा आंडेरले घरमा." आंडेर म्हणजे लेक. तिकडून काही आलं नाही, इकडून काही गेलं नाही. वैशाख संपला. तेव्हा तापीवर पूल नव्हता. उन्हाळ्यात गाड्या उतारातून, म्हणजे पाणी उथळ असेल तिथून, पाण्यात घालून पार करायच्या, आणि नदी एकदा चढली की उतार बंद. मग नावेचाही भरवसा नाही. दोघा म्हाताऱ्यांची अढी सुटायच्या आधी नदी चढली, तर बायको दसऱ्यापर्यंत तिकडे आणि मी इकडे. हे मला सोसवणारं नव्हतं. लग्नाला वर्षही झालं नव्हतं. मला तिची आठवण यायची, आणि आठवण आली की मी उठून चालायला लागायचो. चालत चालत स्टेशनापर्यंत जायचो आणि तिथे काही काम नाही म्हणून परत यायचो.

शेवटी मी ठरवलं की लोकांना काय हसायचं ते हसू दे, मी जाणार आणि तिला सायकलच्या कॅरिअरवर बसवून आणणार. सायकल होती माझ्याकडे, जुनी. सांगाडा चांगला होता, पण चाकांच्या रिमांना गंजाने भोकं पडली होती आणि टायर तर असे फाटले होते की आतली ट्यूब गळू आल्यासारखी बाहेर डोकवायची. म्हणजे चाकं नवी घ्यायला हवी होती.

सायकलवाल्याकडे सुरतेहून आलेल्या दोन जोड्या खुंटीला टांगलेल्या होत्या. एक सव्वा इंची: रिम अरुंद, टायर पातळ, तारा बारीक. बोटाने फिरवली की थांबायचं नाव घेत नसे. दुसरी दीड इंची: रिम रुंद, टायर जाड, मागच्या चाकाला तारा जास्त. ती फिरवली की घूं घूं करत थोडी फिरायची आणि थांबायची. तिसराही एक प्रकार होता, भरीव रबराचे टायर, आत ट्यूबच नाही. एका कापडवाल्याने ते बसवले होते. त्याला कधी पंक्चर होत नसे, पण गावातल्या फरशीवरून तो निघाला की दात वाजल्याचा आवाज दुरून यायचा. आपल्या बायकोला तसल्या चाकांवर बसवायची माझी छाती नव्हती. वारा भरलेली ट्यूबच हवी, हे पक्कं. प्रश्न पातळ की जाड एवढाच.

मन पातळ चाकांवर गेलं होतं. उतावळ्या माणसाला हलकं चाकच आवडणार. मी ती बसवून घेतली आणि त्याच दिवशी धुळ्याच्या रस्त्याला इतका लांब गेलो की परतताना दिवे लागले. पायडल मारायचं कामच नाही, चाक आपोआप पुढे ओढत होतं. त्या आनंदात मी घरी आलो आणि मग डोक्यात आलं की एकट्याने पळवून काय उपयोग, मागे ओझं घेऊन बघायला हवं.

दुसऱ्या दिवशी मी सरकीचं अर्धं पोतं कॅरिअरवर बांधलं. माझ्या अंदाजाने बायकोच्या वजनाएवढं. आबा ओट्यावरच होते.

"सरकी कोठे ली चालना?"

"कोठे नही. फिरवी आणस."

"सरकीले फिरवी आणस?" आबांनी माझ्याकडे असं बघितलं, जणू उन्हाने माझं डोकं फिरलंय. मी निघालो.

गावाबाहेर खडीच्या रस्त्याला लागलो आणि एक दगड आला. मी एकटा असतो तर सायकल त्यावरून टुणकन गेली असती. पोत्याच्या वजनाने टायर दबला, रिम दगडाला टेकला आणि मधे सापडलेली ट्यूब चिमटली. सायकलवाल्याने ट्यूब काढून पाण्यात धरली तर शेजारी शेजारी दोन भोकांतून बुडबुडे. काट्याने एक भोक पडतं. दोन पडली की समजायचं, चिमटा बसला. पातळ टायरात वारा मावतोच थोडा, मग तो वजन कुठवर तोलणार? वारा जास्त भरला तर रस्ता हाडांत लागतो, कमी भरला तर चिमटा. मी चिडलो. चाकावर चिडलो, दगडावर चिडलो आणि तीच चाकं सायकलवाल्याला परत करून दीड इंची जोडी मागितली. त्याने माझ्याकडे बघितलं, पण हसला नाही. जाड टायर सांगाड्याच्या चिमट्यात घासेल की काय म्हणून मडगार्ड जरा वर उचलावा लागला, ब्रेकच्या सळ्या थोड्या वाकवाव्या लागल्या. सगळं झाल्यावर मी पोतं बांधून त्याच दगडावरून मुद्दाम दोनदा गेलो. काही झालं नाही. सायकल जड झाली होती, पण मन हलकं झालं.

मग कॅरिअरसाठी गादी शिवली. जुन्या लुगड्याचा पदर, आत ओळखीच्या पिंजाऱ्याकडचा पिंजलेला कापूस. स्वतःच्या हाताने टाके घातले. आबा ओट्यावरून बघत होते.

राहिला प्रश्न काट्यांचा. पावसाच्या तोंडाशी आमच्याकडे शेतांची कुंपणं नव्याने घालतात. बाभळीच्या नि बोरीच्या फांद्या तोडून बैलांच्या मागे बांधतात आणि रस्त्याने ओढत नेतात. त्या दिवसांत रस्ता म्हणजे काट्यांची पेरणी. बाभळीचा काटा बोटाएवढा, टायर जाड असला तरी आत घुसतो. त्यावर आमच्याकडचा उपाय म्हणजे मोटेचं कातडं. विहिरीचं पाणी उपसायची कातड्याची मोट जुनी झाली की तिच्या लांब पट्ट्या कापायच्या आणि टायर नि ट्यूब यांच्यामधे घालायच्या. काटा टायर भेदून आला तरी कातड्याशी अडतो. आमच्या मळ्यात जुनी मोट होती. ती कोरडी पडली की लाकडासारखी होते, म्हणून वापरायच्या आधी पाण्यात चांगली मुरवावी लागते, हे मोट हाकणाऱ्या घरातल्या माझ्यासारख्या पोराला कोणी सांगायला नको होतं. पण मुरवायला वेळ लागतो आणि माझ्याकडे तोच नव्हता. मी कोरडी मोटच कापली, पट्ट्या टायरात दडपल्या आणि दुसऱ्या दिवशी फटफटायच्या आत निघालो.

निघताना इतका खूश होतो की काय सांगू. पूर्वेला उजाडत होतं, चाकं घूं घूं करत होती. काट्यांच्या फांद्या ओढणारी एक गाडी समोरून आली, तिच्या मागचा सगळा रस्ता काट्यांनी भरलेला, आणि मी त्यावरून खुशाल गेलो. नदीत पाणी गुडघ्याएवढं होतं. सायकल खांद्यावर घेऊन उतारातून पार झालो, पलीकडे प्रकाशा गावाच्या घाटावर हातपाय धुतले आणि पुढे निघालो. सासुरवाडी शहाद्याच्या अलीकडे. ऊन चढायच्या आत पोचणार, बायकोला बसवणार, दुपारी नदीकाठी थांबू, संध्याकाळी घरी. असा हिशेब मांडत होतो तेवढ्यात मागचं चाक मऊ पडलं. पंपाने भरलं, थोडं पुढे गेलो, पुन्हा मऊ. असं करत करत शेवटी हवा टिकेचना. टायर तपासला तर काटा कुठेच नाही. उरलेला रस्ता मी रखरखत्या उन्हात सायकल ढकलत चाललो. डोळ्यांत पाणी आलं होतं आणि ते घामाचं आहे असं मी स्वतःला सांगत होतो.

सासरे अंगणात होते. जावई असा धुळीने माखलेला, एकटा, सायकल ढकलत आलेला बघून ते उठून उभे राहिले.

"या जवाईबापू. आधी पानी पेवा."

पाणी प्यालो. जेवणं झाली. सासरे बैलांकडे गेले तेव्हा मी मागच्या अंगणात गेलो. तिथे निंबाला आखाजीचा झोका अजून बांधलेला होता आणि बायको त्याची दोरी धरून उभी होती. झोक्यासाठी वेडी असलेली ही मुलगी झोक्यावर बसलेली नाही, हे तेव्हा माझ्या ध्यानात यायला हवं होतं.

"चल," मी म्हणालो. "मी तुले लेवाले उनू. चाक दुरुस्त करस आणि निघूत."

"सायकलवर?"

"मांगे गादी शिवेल शे. टायर दीड इंची शे, दगडबी लागणार नही."

ती गादीकडे बघायला पुढे झाली नाही. "मी त्यावर बठणार नही," म्हणाली.

माझा पारा चढला. एवढे दिवस दुकानात घालवले, सरकी फिरवली, गावाचं हसू ओढवून घेतलं, आणि हिचं हे. "मंग ऱ्हाय आठेच," मी म्हणालो, आणि वळलोसुद्धा.

"तुम्हले कोणी काहीच सांगं नही?" तिने मागून विचारलं.

"काय सांगतीन?"

"कोण सांगी? ते मुऱ्हाळीले सांगतस. जवाईले कोणी सांगस का? आणि सालदारले कसं सांगतीन?" ती दोरीकडे बघत बोलत होती. "मले दिवस ऱ्हायेल शेत. माय म्हणस, गाडीमा जाड गादी टाकीसन हळूहळू जाय. सायकलवर नही."

मी जागच्या जागी उभा राहिलो. मला आठवत नाही की त्याआधी मी कधी असा उभा राहिलो असेन. आमच्याकडे पहिल्या दिवसांची बातमी सुनेची आई मुऱ्हाळी म्हणून आलेल्या वडीलधाऱ्याच्या हातावर गूळ ठेवून सांगते, आणि तो ती घरी नेतो. सासरा जावयाला सांगत नाही, त्यात संकोच असतो. सालदाराच्या हातावर गूळ ठेवता आला नाही, म्हणून गाडी रिकामी परत आली. तिथे अपमान वगैरे काही नव्हतं. त्यांनी घरचा माणूस मागितला होता, आबांना तो टोमणा वाटला, आणि मधल्या मधे आम्ही दोघं. मला आनंद झाला, आणि त्याच वेळी अनावर राग आला, आबांचा, सासऱ्यांचा, गुळाचासुद्धा.

"आबाले धाडा," ती म्हणाली. "नदी चढाना आगुदर."

मी चाक खोललं. सासऱ्यांनी घमेल्यात पाणी आणून ठेवलं आणि शेजारी बसले. ट्यूब पाण्यात धरली. काट्याचं भोक एकही नव्हतं. कोरड्या कातड्याच्या कडेने ट्यूब जागोजागी कापली होती. जे राखायला घातलं त्यानेच. सासऱ्यांनी पट्टी हातात घेऊन वाकवून बघितली, ती वाकेना.

"मोट शे ना? कोरडीच टाकी?"

मी मान डोलावली. मी कानशीने ट्यूब खरवडली, ठिगळं लावली, आणि ते एकेक ठिगळ अंगठ्याने दाबून धरत होते. आम्हां दोघांनाही ती बातमी माहीत होती, दुसऱ्याला माहीत आहे हेही बहुधा माहीत होतं, आणि आम्ही फक्त ट्यूबबद्दल बोललो. पट्ट्या तिथेच टाकून मी परत फिरलो. येताना काटे दिसले की उतरून चालत होतो. उतारात पाणी सकाळपेक्षा गढूळ होतं. वर कुठेतरी पाऊस झाला असावा.

घरी पोचलो तर आबा ओट्यावरच. मी सगळं सांगितलं. गुळाचं सांगितलं तेव्हा त्यांनी डोक्यावरचं पागोटं काढून मांडीवर ठेवलं. माझे पाय एका जागी ठरत नव्हते. मी म्हणालो, नदी चढते आहे, गाडी जुंपायला सांगतो. मग आठवलं, एका बैलाच्या खुरात काटा मोडून तो लंगडत होता. दुसरी गाडी कोणाची मागावी, कोण देईल, असं मी बडबडत सुटलो.

"ती मांगली गादी," आबा मधेच म्हणाले, "मन्हं वजन झेली का?"

मला आधी कळलंच नाही. सायकलीला ते लोखंडी गाढव म्हणायचे. उभ्या आयुष्यात तिला हात लावला नव्हता.

"झेली," मी म्हणालो. "सरकीनं पोतं झेलं."

"मंग सकाळले निघू."

सकाळी नंदुरबारने बघितलं की एक म्हातारा, धोतर गुडघ्यापर्यंत खोचलेलं, पागोटं बांधलेलं, पोराच्या पाठीमागे लुगड्याच्या गादीवर बसून चालला आहे आणि पोराच्या कमरेला दोन्ही हातांनी घट्ट धरून आहे. सायकलवाला दुकानाबाहेर येऊन उभा राहिला. या वेळी तो हसला, पण आबांना आदाब करूनच. दीड इंची टायरांनी आम्हां दोघांना तोललं. आता आत कातडं नव्हतं, म्हणून जिथे काटे पसरलेले दिसायचे तिथे मी ब्रेक लावायचो. आबा न सांगता उतरायचे आणि पुढे होऊन जोड्याने काटे बाजूला सारत चालायचे. गुडघे दुखत होते, दर पावलाला दिसत होतं. मी म्हणालो, राहू द्या, आपण दोघंही पायी जाऊ.

"तू चाक सांभाळ," ते म्हणाले. उतारात पाणी गुडघ्याच्या वर आलं होतं; मी सायकल खांद्यावर घेतली आणि आबा माझा दंड धरून पार झाले.

सासऱ्यांच्या अंगणात आबा उतरले तेव्हा दोघा म्हाताऱ्यांनी एकमेकांना रामराम घातला आणि लगेच पावसाबद्दल बोलायला सुरुवात केली. त्या भांडणाचा एक शब्द तेव्हा निघाला नाही आणि पुढेही कधी निघाला नाही. सासूबाईंनी दाराआडून गुळाची वाटी पुढे केली. आबांनी गूळ हातावर घेतला, तोंडात टाकला आणि उपरण्याने डोळे पुसले. मला सगळं आधीच माहीत होतं, तरी मी तिथे नवीन ऐकल्यासारखा उभा राहिलो.

परत निघालो ते सासऱ्यांच्या गाडीत. तळाला दोन गाद्या, वर ताडपत्रीची सावली, आबा पुढे गाडीवानाजवळ. मी सायकलवर. बैल सावकाश चालत होते आणि मला ते सोसत नव्हतं. मी पुढे जायचो, वळून यायचो, गाडीभोवती फिरायचो, पुन्हा पुढे जायचो. उताराशी आलो तेव्हा पाणी गाडीच्या चाकाच्या मधल्या तुंब्याला लागलं होतं. आबांनी हाक मारून सायकल गाडीत टाकायला लावली, आणि मीही आत चढलो. पाण्याच्या आवाजात पुढे बसलेल्यांना मागचं काही ऐकू जात नव्हतं. बायको माझ्याकडे सरकली.

"मी आबा उनात म्हणीसन नही चालनू," ती म्हणाली. "तुम्ही काल पैदल उनात ना, मी तवयच बोचकं बांधेल व्हतं."

मी तिच्या मांडीशी ठेवलेल्या बोचक्याकडे बघितलं. गाठ कालची, घट्ट बसलेली होती. गाडी कुठल्या तरी दगडावरून हळूच चढली, हळूच उतरली. पलीकडचा काठ यायला बराच वेळ लागला, आणि तेवढा वेळ मी बसून राहिलो.